मानव्यविद्यांतील पीएच.डी.: कोणत्या वर्षी काय व्हायला हवे

प्रश्न असा आहे: इतिहास विषयात पीएच.डी.ला प्रवेश मिळून दोन महिने झाले आहेत. विज्ञान शाखेतील मित्रांचे प्रयोग सुरू होऊन त्यांच्या हाती दर आठवड्याला काही ना काही आकडे पडू लागले आहेत आणि आपण मात्र नुसते वाचत बसलो आहोत. तर पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत नेमके काय काय व्हायला हवे, आणि आपण मागे पडलो आहोत की नाही हे कशावरून ओळखावे? गेली बावीस वर्षे मी संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो आहे आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या प्रबंधाने माझी सात वर्षे घेतली, त्यांतली निदान दीड वाचवता आली असती. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी एक खुलासा करतो. वर्षांचा हिशेब सगळ्या देशांत सारखा नसतो. अमेरिकेत पहिली दोन-तीन वर्षे वर्गातील अभ्यासक्रमांत जातात, मग एक मोठी पात्रता परीक्षा होते, त्यानंतर संशोधन आराखडा मंजूर होतो आणि मगच प्रबंधाला हात लागतो. तिथे मानव्यविद्यांत सहा-सात वर्षे लागणे नित्याचे आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी पहिल्या दिवसापासून प्रबंधाच्याच कामाला लागतो, पण त्याची नोंदणी सुरुवातीला तात्पुरती असते आणि साधारण वर्षभराने त्याचे लेखन तपासून ती कायम केली जाते. सगळा मामला तीन ते चार वर्षांत आटोपावा अशी अपेक्षा असते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या विनियमांनुसार किमान 12 श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कोर्सवर्क, म्हणजे वर्गातील अभ्यासक्रम, करावे लागते, किमान मुदत तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची असते आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. या फरकाचे मूळ इतिहासात आहे. 1810मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या परंपरेत या संशोधन पदवीला आजचा आकार आला. येल विद्यापीठाने ती 1861मध्ये दिली, तर ऑक्सफर्डने 1917पर्यंत तिला दारात उभे केले नव्हते. प्रत्येकाने ती आपल्या आधीच्या शिक्षणपद्धतीवर बसवून घेतली. म्हणून ‘दुसऱ्या वर्षाअखेर अमुक झालेच पाहिजे’ असे कुठे वाचले, तर ते कोणत्या देशातल्या विद्यार्थ्यासाठी लिहिले आहे हे आधी पाहावे. मी खाली ज्यांना वर्षे म्हणतो आहे ते टप्पे आहेत. दिनदर्शिकेची पाने तुमच्या नियमांप्रमाणे मागेपुढे होतील.

आता मुख्य मुद्दा. प्रयोगशाळेतल्या संशोधनात प्रगती म्हणजे बहुधा काहीतरी साठत जाणे असते. आपल्याकडे साठा वाढत जातो खरा, पण त्यावरून प्रगती मोजता येत नाही, कारण हजार टाचणे करूनही माणूस जागच्या जागी असू शकतो. माझ्या अनुभवात जे विद्यार्थी वेळेत पोहोचले त्यांनी प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सोडून दिले होते: आधी विषयाचा विस्तार, मग मूळ प्रश्न, मग आणखी साधने गोळा करण्याचा मोह, मग एखादे लाडके प्रकरण. जे रखडले ते आळशी नव्हते. त्यांना यातले काहीच सोडता आले नव्हते.

पहिल्या वर्षी विस्तार सोडायचा असतो, पण तो सोडण्यासाठी आधी पाहावा लागतो. तुम्ही ‘नुसते वाचत’ आहात हे या टप्प्याला अगदी योग्य आहे. मात्र ते वाचन एम.ए.च्या परीक्षेसारखे असू नये. प्रत्येक ग्रंथाविषयी तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवाव्यात: लेखकाने कोणता प्रश्न विचारला आहे, त्याचा युक्तिवाद कोणत्या साधनांवर, म्हणजे मूळ कागदपत्रे, नोंदी, मुलाखती अशा पुराव्यांवर, उभा आहे आणि तो कुठे थांबला आहे. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची असते, कारण पुढे तुमचा प्रश्न बहुधा तिथूनच निघतो. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे ‘अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे’ अशी माळ ओवणे असा समज फार पसरलेला आहे. आढाव्यात अभ्यासकांचा आपसातला वाद दिसला पाहिजे आणि त्या वादात तुमची खुर्ची कुठे आहे हे कळले पाहिजे. वाचन कधी थांबवावे? नवा लेख उघडल्यावर त्याच्या तळटीपांतील बहुतेक नावे ओळखीची वाटू लागली की आराखड्यापुरते वाचन झाले. संपूर्ण वाचन कधीच होत नाही आणि तसे ते व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

याच वर्षी तीन कामे अशी आहेत की जी पुढे ढकलली तर फार महागात पडतात. पहिले भाषेचे आणि लिपीचे. ज्या भाषेत किंवा लिपीत तुमची साधने आहेत ती वाचता येत नसेल, तर शिकवणी आत्ताच सुरू करा. तिसऱ्या वर्षी ती शिकायला वेळ मिळत नाही. दुसरे, माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर नैतिकता समितीची मंजुरी आणि संमतीपत्राचा मसुदा. यात महिनेच्या महिने जातात आणि मंजुरीआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत. तिसरे काम म्हणजे आराखडा लिहिण्याआधी निदान एक आठवडा प्रत्यक्ष साधनांपाशी जाऊन बसणे. ग्रंथसूचीत जो संग्रह दिसतो तो दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, त्यातली निम्मी कागदपत्रे वाळवीने खाल्लेली असू शकतात किंवा पाहण्याची परवानगी वारसांकडून घ्यावी लागते. न पाहिलेल्या साधनांवर बेतलेले उत्तम आराखडे मी पाहिले आहेत. त्यांतले बरेचसे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कोसळले.

टाचणांविषयीही इथेच सांगतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी आयुष्यभरात सुमारे 90,000 टाचणपत्रे जमवली आणि एकमेकांशी जोडून ठेवली, याची आता मोठी दंतकथा झाली आहे आणि तिच्या नादाने विद्यार्थी महिनाभर पद्धतच सजवत बसतात. पद्धत कोणतीही चालेल. संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो हे 2006मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेले मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. पण एक पथ्य मात्र कडक पाळा: लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह, लेखकाचे म्हणणे तुमच्या शब्दांत, आणि तुमचे स्वतःचे मत, हे तीन प्रकार टाचणात डोळ्यांना वेगळे दिसले पाहिजेत. चार वर्षांनी ते वाक्य तुमचे होते की दुसऱ्याचे, हे आठवत नाही. वाङ्मयचौर्याची मी पाहिलेली बहुतेक प्रकरणे बदमाशीतून आलेली नव्हती. ढिसाळ टाचणांतून आलेली होती. शिक्षा मात्र दोघांना सारखीच होते.

मार्गदर्शकांशी भेटी ठरावीक अंतराने व्हाव्यात, आणि भेटीत जे ठरले ते त्याच संध्याकाळी चार-पाच ओळींत लिहून त्यांना पाठवावे. हे थोडे कारकुनी वाटेल. पण आम्हा मार्गदर्शकांच्या हाताखाली सात-आठ विद्यार्थी असतात, आम्ही विसरतो, आणि क्वचित आपलेच म्हणणे फिरवतो. लेखी टिपण असले की दोघेही जागेवर राहतात.

वर्षाअखेर आराखडा सादर होतो. विद्यार्थी त्याला करारपत्र समजून घाबरतात. समिती खरे तर एवढेच पाहते की प्रश्न उत्तर देता येईल इतका नेमका आहे का, साधने हाती येणारी आहेत का आणि हे काम मुदतीत बसेल का. आराखड्यात लिहिले होते ते सोडून प्रबंध भलतीकडे गेला म्हणून कोणाची पदवी अडल्याचे मला आठवत नाही.

दुसरे वर्ष साधनांचे. याविषयी सर्वसाधारण बोलण्यापेक्षा माझ्या एका विद्यार्थिनीचे काम जवळून दाखवतो. ती आली तेव्हा तिचा विषय होता ‘वसाहतकाळातील वाचनसंस्कृती’. हा विषय म्हणजे समुद्र होता. पहिल्या वर्षात तो आटत आटत एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदवह्यांवर आला. सलग अकरा वर्षांच्या वह्या शिल्लक होत्या. पानावर पाच रकाने होते: तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची तारीख आणि शेरा. कोणती पुस्तके सर्वाधिक वाचली गेली हे मोजायचे, असा तिचा आराखड्यातला बेत होता.

तिसऱ्या आठवड्यात तिला शेऱ्याच्या रकान्यात काही सभासदांच्या पुढे बारीक अक्षरात ‘घरी’ असा शब्द दिसू लागला. एका सभासद क्रमांकावर चार दिवसांत तीन पुस्तके गेली होती आणि तिन्ही वेळा ‘घरी’ असा शेरा होता. तो सभासद सरकारी अधिकारी होता, आणि दुसऱ्या एका दप्तरातील फिरतीच्या नोंदीनुसार त्या आठवड्यात तो गावातच नव्हता. मग पुस्तके वाचत कोण होते? सभासद म्हणून नाव एकाचे, पण त्या क्रमांकामागे घरातली किती माणसे वाचत होती, आणि वाचनालयाच्या कारकुनाला ते ठाऊक असूनही नियमात बसत नसल्यामुळे तो एका शब्दात कसे नोंदवत होता, हा प्रश्न आराखड्यात नव्हता. ती माझ्याकडे आली ती घाबरून, कारण पुस्तके मोजण्याचा तिचा बेत आता निरर्थक झाला होता. नाव एकाचे आणि वाचणारे अनेक, तर मोजायचे काय? मी तिला सांगितले की दुसऱ्या वर्षी हेच व्हायला हवे असते. जो प्रश्न घेऊन आपण साधनांपाशी जातो तो साधने न पाहता सुचलेला असतो. साधनांनी तो बदलला नाही, तर एक तर आपण नीट पाहिलेले नसते किंवा उत्तर आधीच ठरवून गेलेलो असतो. दुसऱ्या वर्षी सोडायची असते ती मूळ प्रश्नाची माया.

तिच्या हातून एक चूकही झाली, तीही सांगण्यासारखी आहे. पहिल्या भेटीत तिने नोंदवह्यांची चार हजारांच्या आसपास छायाचित्रे घेतली आणि कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकांनीच ती साठवली. दोन महिन्यांनी कोणते पान कोणत्या वहीचे हे तिला सांगता येईना. पानांवर वर्ष लिहिलेले नव्हते; ते फक्त मुखपृष्ठावर होते आणि मुखपृष्ठांचे छायाचित्र तिने घेतलेच नव्हते. तीन आठवडे पुन्हा जाऊन पाने जुळवावी लागली. तेव्हापासून तिचा नेम असा झाला: बस्ता, म्हणजे दप्तराचा गठ्ठा, उघडला की आधी त्यावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र, मग मुखपृष्ठाचे, मग पानांचे, आणि त्याच संध्याकाळी प्रत्येक फाइलला संग्रहाचे संक्षिप्त नाव, बस्ता क्रमांक, वही क्रमांक आणि पृष्ठ या क्रमाने नाव. दिवसाची निदान पाऊण तास मेहनत. मी आता हा नेम सगळ्यांना पहिल्याच दिवशी लावतो. छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, हे आजही सांगावे लागते.

लेखनाला सुरुवातही याच वर्षी करावी, तीही मधल्या प्रकरणापासून, म्हणजे ज्या साधनांविषयी तुमच्याजवळ सर्वाधिक सांगण्यासारखे आहे तिथून. प्रस्तावनेपासून सुरुवात केली तर काय सांगायचे हे ठरण्याआधीच त्याची ओळख करून देत बसावे लागते. म्हणून ती शेवटी. ‘आधी सगळे गोळा करू, मग सलग लिहू’ हा बेत ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण आपल्या विषयांत विचार हा लिहितानाच होतो. पान लिहायला बसल्यावरच लक्षात येते की दोन पुराव्यांमध्ये जो पूल आपण गृहीत धरला होता तो अस्तित्वातच नाही. हिशेबही पाहा. ब्रिटनमधील बऱ्याच विद्यापीठांत मानव्यविद्यांच्या प्रबंधाची कमाल मर्यादा 80,000 ते 1,00,000 शब्द असते. रोज 300 शब्द, आठवड्याचे पाच दिवस, असे लिहिले तर 80,000 शब्दांना सुमारे 53 आठवडे लागतात. म्हणजे पहिला खर्डा जेमतेम वर्षभराचा. पण प्रत्येक प्रकरण दोन-तीनदा लिहावे लागते, म्हणून ते वर्ष शेवटी येऊन चालत नाही.

तिसऱ्या वर्षाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण माणसे इथे हरवतात. पहिल्या वर्षाची नवलाई संपलेली असते, शेवट दिसत नसतो, बरोबरीचे मित्र नोकरीत स्थिरावलेले असतात, शिष्यवृत्ती असलीच तर तिची मुदत खुणावू लागते आणि घरी भेटणारा प्रत्येक जण ‘झाली का पीएच.डी.?’ असे विचारतो. कोर्सवर्क संपल्यामुळे वर्गही नसतो. दिवसचे दिवस कोणाशी कामाविषयी बोलणे होत नाही. अशा वेळी साधने गोळा करत राहणे हा सर्वांत सभ्य पळ असतो. आणखी एक संग्रह, आणखी एक वर्तमानपत्राची फाइल, आणखी चार मुलाखती. दिवसभर राबल्याचे समाधान मिळते आणि लिहिण्याची वेळ टळते. माझी स्वतःची दीड वर्षे अशीच गेली. एका शहरात एक खासगी पत्रव्यवहार आहे असे कळल्यावर मी तो मिळवण्यासाठी आठ महिने खटपट केली, आणि अखेर त्यातले एकच वाक्य प्रबंधात आले, तेही तळटीपेत. आता मी विद्यार्थ्यांना साधी कसोटी देतो: नवे साधन तुमचा युक्तिवाद बदलणार असेल तर जा, तो फक्त आणखी एकदा सिद्ध करणार असेल तर त्याचा उल्लेख करून पुढे चला.

या वर्षी पहिले पूर्ण प्रकरण मार्गदर्शकांकडून खुणांनी भरून परत येते. ते वाचून आठवडाभर माणूस खचतो. त्यात विशेष काही नाही. प्रतिक्रिया वाचताना युक्तिवादावरची टीका, पुराव्यावरची टीका आणि भाषेवरची टीका वेगवेगळी काढावी. भाषेवरच्या खुणा सर्वाधिक दिसतात, पण त्यांना हात शेवटी लावावा. ज्या परिच्छेदाला युक्तिवादातच जागा उरणार नाही त्याची वाक्ये घासण्यात अर्थ नाही. मार्गदर्शक महिनोन्महिने प्रकरण वाचतच नसतील, तर आधी त्यांना लेखी आठवण, मग विभागप्रमुख किंवा सल्लागार समिती, असा रीतसर मार्ग असतो आणि तो वापरण्यात कृतघ्नता नाही. मार्गदर्शक बदलण्याची वेळ आलीच तर ती तिसऱ्या वर्षाच्या आधी किंवा आरंभी आलेली बरी. नंतर नवा मार्गदर्शक दुसऱ्याच्या हातचे अर्धवट शिवलेले कापड घ्यायला सहसा तयार होत नाही.

परिसंवादांत निबंध वाचावेत, पण प्रबंधात जागा असलेल्या विषयावरच. वीस मिनिटांत दोन हजार शब्दांच्या वर जाता येत नाही, आणि तेवढ्यात एकच मुद्दा मांडता येतो. तो मांडताना प्रकरणाचा कणा सापडतो, हा खरा लाभ. प्रमाणपत्रांसाठी वर्षाला पाच परिसंवाद करणारे विद्यार्थी मला काळजीत टाकतात. प्रकाशनाचेही तसेच. नियमाने किती निबंध लागतात ते तुमच्या विद्यापीठात पाहून घ्या, पण चांगल्या, तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात आलेला एक निबंध हा पैसे भरून आठवड्यात छापलेल्या पाच निबंधांपेक्षा जड असतो. पैसे मागणाऱ्या आणि दोन दिवसांत ‘स्वीकृत’ कळवणाऱ्या नियतकालिकाला निबंध देणे म्हणजे तो जाळणे आहे; दुसरीकडे तो पुन्हा देता येत नाही.

आजारपण, बाळंतपण, घरातील अडचण अशा कारणांनी काम थांबणार असेल तर रीतसर रजा घ्यावी. पुष्कळ विद्यार्थी संकोचापोटी काहीच कळवत नाहीत, सहा महिने गायब होतात, आणि मग गेलेल्या काळाच्या शरमेने आणखी सहा महिने तोंड दाखवत नाहीत. मार्गदर्शक रागावतील ही भीती बहुधा खोटी असते. आम्हाला काळजी वाटत असते ती मौनाची. आणि ज्याला तिसऱ्या वर्षी प्रामाणिकपणे वाटते की हे काम आपले नव्हे, त्याने ते सोडण्यातही कमीपणा नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी ते सोडले. त्यांतला एक आज उत्तम संपादक आहे आणि माझ्यापेक्षा बरे गद्य लिहितो.

चौथे वर्ष त्या मानाने सरळ असते, म्हणजे कष्टाचे पण गोंधळाचे नव्हे. सगळ्या प्रकरणांचा खर्डा हाती आला की तो छापून, दोन-तीन दिवसांत सलग वाचावा. पडद्यावर वाचताना प्रकरणांमधली पुनरुक्ती दिसत नाही. प्रत्येक प्रकरणाचे म्हणणे एका वाक्यात कागदावर लिहावे आणि ती पाच-सहा वाक्ये एकाखाली एक ठेवून पाहावीत. त्यांतून एक सलग विधान उभे राहत नसेल तर कुठे तुटते ते तिथेच कळते. माझ्या त्या विद्यार्थिनीचे एक प्रकरण पुस्तकांच्या बांधणीवर आणि बांधणीकारांवर होते. अतिशय सुरेख, तिच्या सर्वांत आवडीचे, आणि प्रबंधाच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नव्हता. ते काढायला तिला दोन महिने लागले, म्हणजे निर्णय घ्यायला. काढायला अर्धा तास लागला. पुढे त्याचा स्वतंत्र निबंध झाला. प्रस्तावना आणि समारोप आता लिहावेत. प्रस्तावनेत तुम्ही काय केले नाही आणि का केले नाही हेही स्पष्ट सांगावे. परीक्षकाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

शेवटच्या काही महिन्यांचे काम यांत्रिक असते आणि सगळे त्याला कमी वेळ ठेवतात. समजा प्रबंधात 600 तळटीपा आहेत आणि प्रत्येक टीप मूळ साधनाशी ताडून पाहायला दहा मिनिटे लागतात. म्हणजे 100 तास झाले, रोज पाच तास धरले तर 20 दिवस. ही तपासणी टाळू नये आणि यंत्रावरही सोपवू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि लेख खऱ्यासारखे तयार करून देतात, आणि असा एक संदर्भ परीक्षकाच्या हाती लागला तर उरलेल्या 599 तळटीपांवरचा त्याचा विश्वास उडतो. त्यांचा वापर किती चालतो याचे तुमच्या संस्थेचे नियम लेखी मागून घ्या. साम्य तपासणीचा, म्हणजे तुमचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याचा, अहवाल नुसत्या टक्क्यांवर न पाहता कोणती वाक्ये जुळली ते पाहा. चित्रे आणि अप्रकाशित पत्रे वापरली असतील तर परवानग्या आणि त्यांची पत्रे एका ठिकाणी असू द्या. सादर करण्याच्या दिवसापासून मौखिकीपर्यंत, म्हणजे तोंडी परीक्षेपर्यंत, काही महिने जाऊ शकतात. परीक्षकांना प्रबंध पाठवणे आणि त्यांचे अहवाल येणे तुमच्या हाती नसते. तेवढ्या काळात मी विद्यार्थ्यांना प्रबंध उघडू देत नाही.

मौखिकीचे रूप देशागणिक वेगळे. ब्रिटनमध्ये ती बंद खोलीत दोन-तीन परीक्षकांसमोर होते. भारतात ती खुली असते. नेदरलँड्समध्ये विद्यापीठाचा दंडधारी अधिकारी ठरलेली वेळ संपताच आत येऊन ‘होरा एस्त’, म्हणजे वेळ झाली, असे लॅटिनमध्ये जाहीर करतो आणि परीक्षकाचा प्रश्न अर्धवट असला तरी परीक्षा तिथेच थांबते. जर्मनीत तोंडी परीक्षा झाली तरी प्रबंध प्रकाशित केल्याखेरीज पदवी नावापुढे लावता येत नाही. रूप कोणतेही असो, विचारले जाते ते जवळपास तेच: हाच कालखंड का, हीच साधने का, तुमच्या विरुद्ध जाणारा पुरावा कोणता, आणि हे काम पुन्हा केले तर काय वेगळे कराल. उत्तरांची घोकंपट्टी करू नये. आपला प्रबंध एकदा शत्रूच्या नजरेने वाचून त्याच्या पाच दुबळ्या जागा स्वतःच लिहून काढाव्यात. परीक्षक बहुधा त्यांतल्या तीन जागांवर येतो. दुरुस्त्या मिळणे हा अपमान नव्हे, तो नेहमीचा निकाल आहे. ब्रिटनमध्ये किरकोळ दुरुस्त्यांसाठी सहसा तीन महिने देतात.

माझ्या त्या विद्यार्थिनीला बाहेरच्या परीक्षकांनी विचारले की ‘घरी’ हा शेरा सगळ्या कारकुनांनी एकाच अर्थाने लिहिला असेल हे कशावरून. तिने अक्षरावरून तीन कारकून वेगळे काढले होते आणि त्यांतल्या एकाच्या बाबतीत आपल्याला खात्री नाही, म्हणून त्याची चार वर्षे आपण निष्कर्षात धरलेली नाहीत, असे सांगितले. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिला एकूण सात दुरुस्त्या मिळाल्या. त्यांतली एक तळटीपेतल्या बस्त्याच्या क्रमांकाची होती, दोन अंक उलटसुलट झाले होते. खात्री करायला ती पुन्हा वाचनालयात गेली नाही. तिने छायाचित्राच्या फाइलचे नाव पाहिले आणि क्रमांक तिथल्या तिथे दुरुस्त केला.